संकटसमयी अखत्यार कोणाचा?

जून महिन्याच्या मध्यास आपल्याकडे दोन गोष्टींचा आरंभ बहुधा मागेपुढे होतो, एक शाळांचा आणि दुसरा पावसाचा. आणि त्या धांदलीत मुख्याध्यापकाच्या टेबलावर जे कागद साचतात, म्हणजे नव्या पटाची नोंद, पाठ्यपुस्तकांच्या वाटपाच्या पावत्या, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, गळक्या छपराच्या दुरुस्तीचा वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेलेला प्रस्ताव, त्यांच्यात अलीकडे शालेय आपत्ती व्यवस्थापन आराखडा या नावाच्या एका फाइलीची भर पडली आहे. ती चाळून पाहावी तर तिच्यात उणे काढण्याजोगे फारसे सापडत नाही. शाळेचा नकाशा असतो, त्यावर बाहेर पडण्याचे मार्ग बाणांनी दाखविलेले असतात. शोध व सुटका, प्रथमोपचार, इशारा व संदेशवहन अशा निरनिराळ्या समित्या असतात, आणि जेथे शिक्षक दोनच आहेत तेथे त्या दोघांचीच नावे सर्व समित्यांवर आळीपाळीने अध्यक्ष व सदस्य म्हणून मोठ्या निष्ठेने लिहिलेली असतात. पोलीस ठाणे, दवाखाना, तहसील कचेरी यांचे दूरध्वनी क्रमांक असतात. तपासणीस आलेला अधिकारी ती फाइल पाहतो, शेरा लिहितो, आणि फाइल कपाटात परत जाते.

ज्या शिक्षकाने ती रात्री जागून तयार केली त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. त्याला जो नमुना वरून आला तो त्याने इमानेइतबारे भरला. परंतु त्या नमुन्यात एक रकाना नाही, आणि नेमका तोच रकाना प्राणांतिक महत्त्वाचा आहे. ओढ्याचे पाणी शाळेच्या पायरीला लागले, भिंत थरथरली, अगर स्वयंपाकघराच्या छपरातून धूर निघू लागला, तर त्या क्षणी मुलांना कोठे न्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार नक्की कोणास आहे. तो मनुष्य त्या दिवशी रजेवर किंवा तालुक्याच्या बैठकीस गेलेला असेल तर तो अधिकार कोणाकडे जातो. आणि त्याने घेतलेला निर्णय मागाहून अनावश्यक ठरला तर त्याच्याकडून कैफियत मागविली जाणार की नाही, या प्रश्नांना आपल्या आराखड्यांत सहसा उत्तर नसते. संकटाच्या वेळी शाळांत जी जीवितहानी होते तिच्यापैकी पुष्कळशी या अखत्याराच्या संदिग्धतेतून उद्भवते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या मताला बळकटी देणारा जो सर्वांत दारुण दाखला मला ठाऊक आहे तो जपानचा, म्हणजे संकटांच्या पूर्वतयारीत जगाने ज्याचा कित्ता गिरवावा अशा देशाचा आहे.

जपानच्या ईशान्य भागात मियागी प्रांती इशिनोमाकी नगरपालिकेच्या हद्दीत, किताकामी नदीच्या काठी, समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत ओकावा नावाची एक प्राथमिक शाळा होती. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी त्या किनाऱ्यालगत ९ तीव्रतेचा प्रचंड भूकंप झाला. शाळेची इमारत उभी राहिली. मुले शिस्तीने बाकांखाली गेली, धक्का ओसरल्यावर शिस्तीने पटांगणात आली, हजेरी झाली. येथपर्यंत जे जे तालमीत शिकविले होते ते ते बिनचूक पार पडले. त्यानंतर जवळजवळ ५० मिनिटे ही मुले त्याच पटांगणात थांबून राहिली. शाळेच्या मागेच टेकडी होती, आणि ती मुलांच्या पायाखालची होती. वर चढू या, असे काही मुले विनवीत होती असे त्यांतून जी वाचली त्यांनी पुढे सांगितले. नगरपालिकेची मोटार ध्वनिक्षेपकावरून उंचावर जाण्याचा इशारा देत रस्त्याने गेली. मुख्याध्यापक त्या दिवशी शाळेत नव्हते. उपस्थित शिक्षकांत खल चालला होता: टेकडीवर झाडे कोसळतील, वाट निसरडी आहे, लहान मुले घसरतील, इतक्या आत पाणी येत नाही असे गावातील जाणत्यांचे म्हणणे पडत होते. शेवटी मंडळी निघाली ती टेकडीकडे न जाता नदीच्या पुलाजवळच्या किंचित उंच जागेकडे, म्हणजे ज्या दिशेने पाणी येत होते त्याच दिशेला. १०८ विद्यार्थ्यांच्या त्या शाळेतील ७४ मुले आणि १० शिक्षक भूकंपामागून आलेल्या त्सुनामीच्या लाटेत गेले.

शिक्षक भ्याड नव्हते, ते मुलांना सोडून पळाले नाहीत, मुलांबरोबरच गेले. इमारत कच्ची नव्हती. आणि वेळही थोडा नव्हता, कारण ५० मिनिटांत पहिलीतले पोरही त्या टेकडीवर सावकाश चढून गेले असते. म्हणजे सामान्यतः ज्यांना आपण दोष देतो ती कारणे येथे एकामागून एक गळून पडतात. राहते ते असे की शाळेचा लेखी आराखडा होता, त्यात लाटेचा उल्लेखही होता, पण कोठे जावयाचे त्या ठिकाणी जवळपासची मोकळी जागा किंवा उद्यान अशा अर्थाचे मोघम शब्द पडलेले होते, आणि तशी उंच मोकळी जागा त्या परिसरात नव्हतीच. सर्वसाधारण नमुना पुढे ठेवून तो मजकूर उतरविला गेला होता. ही शाळा, ही नदी, ही टेकडी डोळ्यांसमोर आणून तो कोणी लिहिला नव्हता. शिवाय संभाव्य पुराच्या सरकारी नकाशात शाळा धोक्याच्या रेषेबाहेर होती; इतकेच नव्हे, तर आसपासच्या लोकांनी आश्रयास यावे असे ठिकाण म्हणून तिची नोंद होती. ज्या जागेला सरकार दप्तरी सुरक्षित म्हणते ती जागा सोडून, मुख्याध्यापक नसताना, निसरड्या टेकडीवर मुले चढविण्याचा हुकूम कोणी द्यावयाचा, आणि त्यात एखादे मूल पडून जायबंदी झाले तर जबाब कोणी द्यावयाचा, या पेचात ती ५० मिनिटे गेली असावीत, असे मला वाटते.

मृत बालकांपैकी काहींच्या पालकांनी २०१४ साली दावा लावला. पहिल्या न्यायालयाने २०१६ मध्ये त्या दिवशी पटांगणात उभ्या असलेल्या शिक्षकांच्या निर्णयात दोष पाहिला. परंतु २०१८ च्या एप्रिलमध्ये सेन्दाईच्या उच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचून ठेवावा अशा योग्यतेचा आहे. त्या न्यायालयाने अपराधाचे स्थान पटांगणातून उचलून कचेरीत नेले. भूकंपाच्या आदल्या वर्षीच शाळेने आराखडा सुधारून निश्चित जागा, निश्चित मार्ग आणि निश्चित पद्धती ठरवावयास हवी होती, नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाने तो आराखडा तपासून त्यातील मोघमपणा दाखवून द्यावयास हवा होता, आणि नकाशात शाळा रेषेबाहेर आहे एवढ्यावर विसंबून न राहता नदीच्या सान्निध्याचा स्वतंत्र विचार करणे हे त्या सर्वांचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने म्हटले. २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. संकटाच्या क्षणी गोंधळलेल्या माणसाला फाशी देण्याऐवजी, ज्याने निवांत वेळी विचार केला नाही त्याला जाब विचारावा, हे तत्त्व न्यायाच्या दृष्टीने मला फार मोठे वाटते.

त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर, कामाइशी नावाच्या गावात नेमके उलटे घडले. तेथे तोशिताका कातादा या गुन्मा विद्यापीठाच्या प्राध्यापकाने कित्येक वर्षे शाळाशाळांतून मुलांना शिकविले होते की सरकारी नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नका, त्या प्रसंगी जे जास्तीत जास्त करता येईल ते करा, आणि इतरांची वाट न पाहता तुम्हीच आधी निघा, म्हणजे तुम्हाला पाहून इतर निघतील. माध्यमिक शाळेची मुले धावू लागली. शेजारच्या प्राथमिक शाळेतील मुले त्यांना पाहून निघाली. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले. आधी ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागचा कडा ढासळलेला त्यांना दिसला, तेव्हा ती आणखी वर गेली, आणि त्यानंतर त्याहूनही वर. ज्या दोन जागा त्यांनी सोडल्या त्यांतील पहिली पाण्याखाली गेली. कामाइशीच्या शाळांतील सुमारे तीन हजार मुलांपैकी अपवादात्मक काही वगळता सर्व वाचली. याला पुढे लोकांनी चमत्कार म्हटले. मला त्यात चमत्कार दिसत नाही. त्या मुलांना निघण्याचा अखत्यार आगाऊ दिलेला होता आणि त्यांनी तो वापरला, एवढेच.

जपानची गोष्ट आपल्याला दूरची वाटेल. पण नकाशावरील रेषेने दिलेला भरवसा आपल्या भूमीत काय करतो ते किल्लारीने दाखविले आहे. दख्खनचे पठार म्हणजे भूगर्भाचा अचल भाग, असे शाळेच्या पुस्तकांपासून शासनाच्या दप्तरांपर्यंत सर्वत्र मानले जात असता ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून लोक दमून परतलेले असता, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील दगडमातीची घरे माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार जीव गेले. त्याआधीचा कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ चा, तोही पहाटेचाच. म्हणजे महाराष्ट्रातील दोन्ही मोठे भूकंप अशा प्रहरी झाले की शाळा रिकाम्या होत्या. हे केवळ दैव. त्यात आपल्या बंदोबस्ताचा काडीचाही वाटा नाही. कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ रोजी भूकंप झाला तो सकाळी पावणेनऊच्या सुमारास, आणि अंजार गावाच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत निघालेली शाळेची मुले आणि त्यांचे शिक्षक दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडले गेले. त्या मुलांची संख्या १८५ होती. आपल्याकडील मिरवणुका आणि प्रभातफेऱ्या आजही जुन्या पेठांतील तशाच बोळांतून निघतात.

आगीची कथा थोडी निराळी आहे, पण तिच्या मुळाशीही हाच प्रश्न येतो. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरात मध्यान्ह भोजन शिजत असता गवताच्या छपराला ठिणगी लागली, आग गवतानेच शाकारलेल्या वरच्या वर्गांवर गेली, आणि अरुंद जिन्याने उतरू न शकलेली ९४ लहान मुले होरपळून मेली. चुलीवरच्या त्या छपराकडे स्वयंपाकीण रोज पाहत असेल, शिक्षक पाहत असतील, मुलांना सोडावयास येणारे आईबाप पाहत असतील. परंतु पाहणाऱ्यांपैकी कोणालाही ते वर्ग बंद करण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांना होता ते अधिकारी कागदावर मान्यता देऊन मोकळे झालेले होते. फौजदारी खटल्याचा निकाल लागावयास दहा वर्षे गेली. या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला, की मुलाच्या शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे इमारती असाव्यात, अग्निशामक साधने असावीत, ती वापरण्याचे शिक्षण शिक्षकांना द्यावे, आणि या बाबींची खात्री पटल्याखेरीज शाळेस मान्यता देऊ नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. कायद्याची वाण आपल्याकडे कधीच नसते. लाल नळकांडी भिंतींवर लटकली, त्यांच्या मुदती संपल्या, काही ठिकाणी ती चोरीला जाऊ नयेत म्हणून मुख्याध्यापकाच्या खोलीत कुलपात ठेवली गेली; आणि २४ मे २०१९ रोजी सुरत येथील एका व्यापारी इमारतीच्या माथ्यावर चालणाऱ्या वर्गात आग लागून २२ तरुण मुले दगावली, तेव्हा लक्षात आले की खाजगी शिकवणी वर्ग शाळांच्या या सर्व नियमांच्या कक्षेबाहेरच राहिलेले आहेत. या शिकवण्यांबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल. येथे एवढेच म्हणतो की ज्या जिन्यावरून एका वेळी दोन माणसे जाऊ शकत नाहीत त्या जिन्याच्या वर आपले मूल रोज संध्याकाळी पाठविणारा सुशिक्षित पालक त्या जिन्याकडे पाहतच नाही, निकालांच्या फलकाकडे पाहतो.

आता आपल्या नित्याच्या संकटाकडे, पावसाकडे येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारी शाळांपुढे प्रश्न उभा राहिला, की मुलांना लवकर सोडावे की ठेवून घ्यावे. कोणी सोडले, कोणी ठेवले. सोडलेली काही मुले शाळेच्या बसमध्ये तासन् तास अडकली, ठेवलेल्यांनी वर्गातच रात्र काढली. त्या दिवशीच्या कोणत्याही मुख्याध्यापकास मी दोष देणार नाही, कारण दूरध्वनी बंद, लोकलगाड्या बंद, अशा स्थितीत प्रत्येकाने अंधारात चाचपडत जो निर्णय घेतला तो घेतला. दोष द्यावयाचा तर तो वर्षानुवर्षे पावसाळ्यात तुंबणाऱ्या त्या शहरात हा प्रश्न कोणीही आगाऊ सोडवून ठेवला नव्हता, या गोष्टीला द्यावा लागेल. मूल शाळेतून कोणाच्या ताब्यात द्यावयाचे, कोणत्या स्थितीत आईबाप दारात आले तरी द्यावयाचे नाही, हे जून महिन्याच्या पालकसभेत ठरवून, सांगून, लिहून ठेवण्याची गोष्ट आहे. हा निर्णय सोपा नाही. ओकावातून पालकांनी आधी नेलेली मुले वाचली, आणि त्याच किनाऱ्यावर इतरत्र पालकांनी शाळेतून नेलेली कित्येक मुले वाटेत लाटेच्या तोंडी सापडली. पाणी दारात आले असता अशा प्रश्नाचा ऊहापोह होऊ शकत नाही. दारात उभी असलेली, भिजलेली, घाबरलेली आई आणि आत एकटा शिक्षक, यांच्यामध्ये आधी ठरलेला नियम असेल तर तो दोघांनाही आधार होतो.

खेड्यांत या प्रश्नाचे रूप आणखी वेगळे आहे. अतिवृष्टीच्या इशाऱ्यावरून जिल्हाधिकारी सुटी जाहीर करतात, ती बहुधा साऱ्या जिल्ह्याला एकदम लागू होते, आणि तिचा संदेश पहाटे मोबाइलवर येतो तेव्हा लांबच्या वाडीतली मुले घरून निघालेली असतात. सुटी जाहीर व्हावी आणि दिवसभर लख्ख ऊन पडावे, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर विनोद झाले आहेत. परंतु सुटी जाहीर न झालेल्या दिवशी घाटमाथ्यावर ढग फुटतो, खाली ओढा फुगतो, साकवावरून पाणी जाते, आणि शिक्षक शाळेच्या पडवीत उभा राहून केंद्रप्रमुखास फोन लावतो. केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्यास विचारतो. गटशिक्षणाधिकारी वरून काही आदेश आहेत काय ते पाहतो. या साखळीतील कोणीही मनुष्य वाईट नाही. प्रत्येक जण परवानगीची वाट पाहतो, कारण परवानगीवाचून शाळा लवकर सोडल्याबद्दल खुलासा मागितला गेल्याचे उदाहरण प्रत्येकाच्या कानावर आलेले असते. ओढा मात्र कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही.

वास्तविक या गोष्टी आधी ठरविणे आपल्याला मुळीच कठीण नाही, कारण आपल्या लोकांना आपल्या नद्यांची जी ओळख आहे ती कोणत्याही परिपत्रकापेक्षा पक्की आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर गेली की धोका पातळी, हे तेथील पानवाल्यालाही तोंडपाठ असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे ४० आणि ४५ फुटांचे आकडे तसेच सर्वांच्या जिभेवर असतात. चिखली-आंबेवाडीच्या मनुष्याला किती फुटांवर आपला रस्ता पाण्याखाली जातो ते विचारावे लागत नाही. मग शाळेच्या आराखड्यात असे एक वाक्य का असू नये, की नदी अमुक फुटांवर गेल्याचे समजताच, कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता, नदीपलीकडून येणारी मुले घरी पोहोचविली जातील. आणि त्याहून अमुक फूट वाढली की उरलेली मुले अमुक देवळाच्या किंवा अमुक उंचवट्यावरच्या वाड्याच्या आवारात नेली जातील? कोकणात फुटांचे हे गणित चालणार नाही. तेथे वाशिष्ठी आणि सावित्री काही तासांतच चढतात, भरतीची वेळ पावसाशी जुळली तर पाण्याला उतरावयास वाटच राहत नाही, आणि चिपळूण व महाड यांनी २०२१ च्या जुलैत काय सोसले ते ताजे आहे; तेथे भरतीच्या वेळापत्रकावरून आणि पावसाच्या प्रमाणावरून ठरवावे लागेल. डोंगरकुशीतल्या वाड्यांत आणखी निराळे. माळीण २०१४ साली गेले, तळिये २०२१ साली, इरशाळवाडी २०२३ साली. जमिनीला पडलेली नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडे, या खुणा गावातली म्हातारी माणसे ओळखतात. त्या खुणा दिसताच शाळा भरवावयाची नाही, हे ठरविण्याचा अधिकार जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या मनुष्याकडे ठेवण्यात कोणते शहाणपण आहे, ते मला समजत नाही. सर्व राज्याला एकच छापील नमुना पाठविण्याची जी कचेऱ्यांची खोड आहे तीच येथे घातक ठरते, आणि ओकावाच्या आराखड्यातील ती कल्पित मोकळी जागा आपल्या हजारो फाइलींत आज शांतपणे वसती करून आहे अशी मला साधार भीती वाटते.

यावर एक आक्षेप हमखास येईल, की असा अखत्यार शिक्षकांच्या हाती दिला तर चार थेंब पडले की शाळा सुटू लागतील. आक्षेप अगदीच निराधार नाही. शासकीय नोकरीतील मनुष्यस्वभाव मलाही ठाऊक आहे. परंतु दोन चुकांची किंमत सारखी नसते. अनावश्यक निघालेल्या शाळेचे नुकसान म्हणजे दोन-चार तास बुडाले आणि मुले चिखलाने माखून घरी गेली. न निघालेल्या शाळेचे नुकसान ओकावाच्या पालकांना विचारावे. शिवाय प्रत्येक वेळी शाळा का आणि कोणत्या खुणेवरून हलविली याची दोन ओळींची नोंद शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवणे सक्तीचे केले, तर कामचुकार आणि सावध यांतील फरक गावाला सहज कळेल. गाव मूर्ख नसते.

रंगीत तालमींविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. आपल्याकडे ती तालीम दिवस ठरवून होते, अग्निशमन दलाची गाडी येते, पाहुणे येतात, घंटा वाजते, मुले रांगेने बाहेर येतात, छायाचित्र निघते. इतक्या सुरळीत परिस्थितीची तालीम कशासाठी? मुख्याध्यापक बाहेरगावी असता, मधल्या सुटीत, पावसात, मुख्य दाराला कुलूप आहे आणि किल्ली शिपायाजवळ आहे अशा वेळी ती व्हावयास पाहिजे. म्हणजे निदान एवढे तरी कळेल की शिपाई कोठे आहे. मागचे दार जुन्या बाकांनी अडलेले आहे, गच्चीच्या दाराला गंज चढला आहे, चालता न येणारे मूल दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात बसते, आवारातल्या अंगणवाडीची पन्नास बाळे कोणाच्याच यादीत नाहीत, हे शोध अशाच तालमीत लागतात. सातवीच्या मुलाच्या हाती पहिलीचे मूल देण्याची जोडी जूनमध्येच ठरवावी. मुले यामुळे घाबरतात असे म्हणणाऱ्यांनी मुलांना कधी जवळून पाहिलेले नसावे. मुलांना या गोष्टीत विलक्षण रस असतो, आणि मोठ्यांची चूक पकडण्यात तर त्याहूनही अधिक.

हे सर्व करण्यास नव्या इमारतींची वाट पाहावी लागत नाही, निधी लागत नाही, आणि नवा कायदाही लागत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात, त्या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण आहेच; उणीव आहे ती हे संरक्षण वाडीवरल्या शिक्षकापर्यंत स्पष्ट शब्दांत पोहोचविणाऱ्या हुकुमाची. शिक्षण विभागाने येत्या पावसाळ्यापूर्वी असा हुकूम काढावा, अशी माझी विनंती आहे, आणि त्याचा मसुदा फार लांब असण्याचे कारण नाही: शाळेतील मुलांच्या जिवास धोका आहे असे मुख्याध्यापकास, आणि ते हजर नसतील तर हजर असलेल्या ज्येष्ठ शिक्षकास वाटल्यास, वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीवाचून शाळा सोडण्याचा, न सोडण्याचा अगर अन्यत्र हलविण्याचा संपूर्ण अखत्यार त्यांस राहील, आणि सद्भावनेने घेतलेल्या अशा निर्णयाबद्दल, तो मागाहून अनावश्यक ठरला तरी, त्यांजकडून कैफियत मागविली जाणार नाही. हा हुकूम निघेपर्यंत पालकांनी आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्याच सभेत मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे, की तुम्ही रजेवर असता त्या दिवशी आमच्या मुलांबद्दल कोण ठरविणार, आणि त्याचे नाव सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.